ताथवडेमार्गे देहूरोड : आजोबांच्या वस्तऱ्याची गोष्ट

दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला जायचे, हा आमच्या घरचा नेम आहे. १९५४ साली याच दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात तथागतांच्या मूर्तीची स्वहस्ते स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. त्यामुळे आमच्या मावळपट्टीतल्या माणसांना देहूरोडचा विहार म्हणजे घरचाच वाटतो.

पिंपरीहून सरळ जायचे तर आकुर्डी, निगडीवरून जुन्या मुंबई रस्त्याने जाता येते. गेल्या वर्षी मात्र आम्ही आडवाट धरली. ताथवड्याला आमचे मामा राहतात. वय झालेले, गुडघे दुखतात, एकटे बसने येणे जमत नाही. त्यांना बरोबर घ्यायचे होते. आणखीही एक काम होते. आमच्या थोरल्या मुलाने उन्हाळ्याच्या सुटीत श्रामणेर शिबिराला बसायचे ठरवले आहे. शिबिरात मुंडन करावे लागते. पोराने हट्ट धरला की, आपले मुंडन मामाआजोबांच्याच हातून व्हावे, आणि तेही पणजोबांच्या वस्तऱ्याने. ते विचारायला आम्ही निघालो.

काळेवाडीच्या पुलावरून पवना ओलांडली, डांगे चौक गाठला आणि तिथून ताथवड्याच्या रस्त्याला लागलो. मामा इथे राहायला आले तेव्हा हे खरेखुरे गाव होते. ज्वारीची शिवारे, सरकारी पशुपैदास फार्मातली जनावरे, संध्याकाळी धूळ उडवत परतणारे कळप. २००९ साली ताथवडे पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एका बाजूला हिंजवडीच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला हायवे आणि मध्ये वीस-वीस मजल्यांचे टॉवर. हायवेखालच्या बोगद्यात गाड्या इतक्या तुंबलेल्या की, चालणारा आधी पोचावा. कॉलेजच्या पोरांसाठी दर चार दुकानांआड काचेचे, वातानुकूलित सलून. त्या सगळ्याच्या मागे, जुन्या गावठाणाच्या अंगाला, मामांच्या पत्र्याच्या दोन खोल्या अजून आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा मामा ओट्यावर उन्हाला बसले होते. खिडकीच्या गजाला एक पट्टा अडकवलेला, त्याचे दुसरे टोक डाव्या हातात ताणून धरलेले. उजव्या हातात वस्तरा. पाते पट्ट्यावरून वर जाई, टोकाला पोचले की पाठीवर पालथे होई आणि परत खाली येई. आवाज असा, की कोणी कोरी नोट बोटांत सरकवावी.

"जयभीम मामा!" आम्ही म्हणालो.

"जयभीम, जयभीम. थांबा, बोलवू नका. अठ्ठावीस झालेत, चाळीस होऊ द्या," मामा म्हणाले आणि मोजतच राहिले. मामी हसत आतून पाणी घेऊन आल्या. "आज देहूरोडला जायचे म्हणून पहाटेपासून चाललेय त्यांचे," त्या म्हणाल्या.

मामा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. तीस वर्षे मिलिंगच्या कटरला धार लावण्याचे काम केले. त्यामुळे धारेविषयी त्यांना विचारले की, मास्तर फळ्यावर शिकवतात तसे ते शिकवतात. चाळीस पुरे झाल्यावर त्यांनी वस्तरा पोराच्या पुढे धरला. जर्मनीतल्या झोलिंगेन गावचा शिक्का पात्याच्या बुडाशी अजून वाचता येतो. आजोबांनी तो पुण्याच्या जुन्या बाजारात जुनाच विकत घेतला होता. पाठ जाड, आणि दोन्ही बाजूंनी पोखरल्यासारखे आत गेलेले पाते धारेशी कागदाइतके पातळ.

"हे बघ बाळा," मामा सांगू लागले, "धार म्हणजे काही वेगळी वस्तू नव्हे. दोन उतार जिथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. दाढी केली की ती रेषा इकडेतिकडे वाकते. कुठे बारीक टवका उडतो. ओल राहिली की गंज चढतो. पट्टा वाकलेली रेषा सरळ करतो. दगड झिजलेली रेषा नव्याने घडवतो. पट्टा रोजचा, दगड चार-सहा महिन्यांनी. जो पट्टा रोज लावतो त्याला दगड क्वचित लागतो."

पोराला हे पटेना. केस इतका मऊ आणि पोलाद इतके कठीण, मग केसाने पोलाद कसे बोथट व्हावे? प्रश्न चांगला होता. या प्रश्नाचा शोध मोठ्या शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. २०२० साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेतील संशोधकांनी दाढी करताना पात्याचे काय होते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरीही तो पात्याचा टवका काढू शकतो, असे त्यांना दिसले. केस सरळ न कापला जाता वाकला आणि धारेवर तिरका दाबला गेला, तर धारेतली एखादी कच्ची जागा तिथे तडकते. मामांनी हे ऐकले आणि मान डोलावली. "म्हणून तर आधी गरम पाण्याने दाढी भिजवायची, साबणाचा फेस चांगला मुरू द्यायचा. भिजलेला केस मुकाट्याने कापला जातो, कोरडा केस भांडतो."

मग त्यांनी दगड काढले. एका जुन्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेले तीन. एक हजार नंबरचा, चार हजारांचा आणि आठ हजारांचा. नंबर जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक. पहिल्याने दोन उतार एकमेकांना मिळवायचे, पुढच्या दोघांनी ओरखडे पुसत जायचे. कोयत्याचा किंवा विळ्याचा दगड वस्तऱ्याला कधी लावू नये, तो फार खरखरीत असतो. आणि दारावर सायकलचे चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे तर वस्तरा मुळीच देऊ नये. चाकाच्या घर्षणाने पातळ पाते क्षणात तापते, निळे पडते आणि पोलादाचे पाणी उतरते. पाणी उतरलेल्या पात्यावर नंतर कितीही मेहनत केली तरी धार टिकत नाही. टूलरूममध्ये काम केलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही.

दगडावर वस्तरा आडवा, अगदी सपाट ठेवायचा. धार आणि पाठ दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकल्या पाहिजेत. घरच्या सुरीला धार लावताना आपण कोन हाताने धरतो. वस्तऱ्यात कोन बनवणाऱ्यानेच बसवून दिलेला असतो. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतून तो ठरतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. पाठ जरा उचलली की तो कोन बिघडला. दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचे, जणू दगडाचा पापुद्रा काढायचा आहे. पट्ट्यावर मात्र उलटे, पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना नेहमी पाठीवरून वळवायचे, धारेवरून कधीही नाही. जोर तर लावायचाच नाही. "वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते. जोर लावणारा माणूस घाईत असतो," मामा म्हणाले.

दगड बरोबर लागतो आहे की नाही, हे पाहायची त्यांची युक्ती टूलरूमचीच. धारेच्या काठाला मार्कर पेनची शाई लावायची आणि दगडावर दोन हलके हात फिरवायचे. काठापर्यंत शाई पुसली गेली तर ठीक. कुठे शिल्लक राहिली तर तिथे दगड पोचलेला नाही. सरफेस प्लेटवर निळा रंग लावून पत्रा सपाट आहे का ते बघतात, त्यातलाच हा प्रकार. दगडही वापरून मध्ये खोलगट होतो. म्हणून जाड काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्यावर दगड घासून सपाट करायचा. शेवटी मनगटावरचा केस धारेने अलगद उडतो का ते पाहायचे. धारेच्या अंगाने अंगठा फिरवून पाहू नये. धार असलीच तर अंगठा जातो.

काम झाले की पाते धुवायचे, कोरडे पुसायचे, वाऱ्यावर थोडा वेळ उघडे ठेवायचे आणि खोबरेल तेलाचे एक बोट लावून मिटायचे. न्हाणीघरात ठेवायचे नाही. मामा दोन पावसाळे नीट सांभाळलेला वस्तरा एका ओल्या रात्रीत डागाळलेला पाहिल्याचे सांगतात.

हे सगळे ऐकताना मनात एकच प्रश्न येत होता. आजोबा देहूरोडच्या लष्करी डेपोत ओझी वाहणारे साधे मजूर. त्यांनी वस्तरा विकत का घेतला असेल? त्याचे उत्तर आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दर वेळी मामा ते सांगतात आणि आम्ही ऐकतो.

मावळातल्या आमच्या गावी न्हावी होता. वडाखाली बसायचा, धोकटी पसरायचा. साऱ्या गावाची डोकी करायचा, म्हशीसुद्धा भादरायचा. पण आमच्या वस्तीकडे फिरकत नसे. वस्तीतली माणसे एकमेकांचे केस कात्रीने कापत, आणि दाढीला जे पाते हाती लागेल ते. आजोबांना लहानपणी गालावर झालेली जखम चिघळली होती. तिचा व्रण त्यांच्या शेवटच्या फोटोतही दिसतो. डेपोत पगार सुरू झाला तेव्हा त्यांनी आधी आजीला लुगडे घेतले आणि नंतर हा वस्तरा. मग रविवारी त्यांच्या ओट्यावर वस्तीतली माणसे रांगेने बसू लागली.

हा अनुभव एकट्या आमच्या आजोबांचा नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाविषयी हेच लिहिले आहे. साताऱ्यात न्हाव्यांची वाण नव्हती, सुभेदार रामजींना पैसे देणेही अवघड नव्हते. तरी भावंडांचे केस थोरली बहीण कापत असे, कारण कोणी न्हावी अस्पृश्याला हात लावायला तयार नव्हता. ज्या मस्तकातून पुढे देशाची घटना आकाराला आली, त्या मस्तकाला स्पर्श करायची त्या काळी बंदी होती.

एवढे सांगून झाल्यावर मामा नेहमी एक पुस्ती जोडतात, आणि आम्हाला ती मोलाची वाटते. ते म्हणतात, "न्हाव्यावर राग धरून काय करता? तोही बलुतेदारच. त्याने आपल्या गालाला वस्तरा लावला असता तर दुसऱ्या दिवशी गावाने त्याचे बलुते बंद केले असते. त्याच्या हातात वस्तरा होता, पण तो कोणाला लावायचा हे गाव ठरवत होते." ही गाठ त्या समाजातल्या माणसांनीही सोडवायचा प्रयत्न केला आहे. १८९० साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी बांधवांची सभा झाली आणि विधवांचे केशवपन करायचे नाही, असे त्यांनी ठरवले. आपले हत्यार अन्यायासाठी वापरू देणार नाही, असे कष्टकऱ्यांनी म्हणण्याचे हे फार जुने उदाहरण आहे. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला. कायदा झाला म्हणून वडाखालचा वस्तरा लगेच आमच्या वस्तीत आला नाही, पण पोलीस ठाण्यात दाखवायला हातात कागद आला.

आणि तथागतांच्या संघात तर न्हाव्याचे स्थान केवढे! उपाली कपिलवस्तूचा, शाक्य राजपुत्रांची हजामत करणारा. अनुरुद्ध, आनंद वगैरे शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांनी भगवंतांना विनंती केली की, उपालीला आमच्या आधी दीक्षा द्यावी. म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा अभिमान गळेल. तसेच झाले. पुढे हाच उपाली विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला, आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत त्यानेच विनय सांगितला. भिक्खूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंद, सुई आणि पाणी गाळायचे फडके यांच्याबरोबर वस्तराही येतो. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंना वस्तऱ्याबरोबर धार लावायच्या दगडाचीही अनुज्ञा दिलेली आहे. दहा वस्तू जवळ ठेवायची मुभा नसलेल्या माणसाला धारेचा दगड मात्र दिला. कारण ज्याने वस्तरा वापरायचा त्याने तो राखायचाही.

हे ऐकून पोराचा हट्ट आणखी वाढला. "आजोबा, मग माझे मुंडन ह्याच वस्तऱ्याने करायचे. आणि शिबिरातल्या सगळ्याच मुलांचे!"

मामांनी वस्तरा मिटला. "नाही," ते म्हणाले.

आम्हीही चमकलो. एवढे सगळे सांगून नाही?

"माझ्या बापाने रविवारी एकाच वस्तऱ्याने वीस-वीस माणसांच्या दाढ्या केल्या. त्यांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक आहे. वस्तऱ्याने रक्ताचा दिसेल न दिसेल असा थेंब निघतो. तो दुसऱ्याच्या अंगात जाता कामा नये. हा वस्तरा आता एकाच गालाचा. तुझ्या डोक्यालाही नाही लावणार."

मामांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. कावीळ ब या रोगाचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. कावीळ क आणि एच.आय.व्ही. हेही रक्तातून पसरतात. पात्यावर तुरटी किंवा डेटॉल फिरवल्याने भरवसा येत नाही. एड्सची माहिती घरोघर पोचू लागली तेव्हापासून आपल्याकडच्या सलूनमध्ये जुना वस्तरा मागे पडला आणि अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा आला. तो बदल योग्यच होता. पण ब्लेड आपल्यासमोर कागदातून काढून, नवे मोडून लावले का, हे पाहणे आपलेच काम आहे. सांगायला संकोच करू नये. गिऱ्हाईक पुढे झाले की कारागीरही सावध होतो.

पोर हिरमुसले. मामांनी ते ओळखले. त्यांनी पट्टा त्याच्या हाती दिला आणि एक बोथट वस्तरा काढून म्हणाले, "ये, आधी हे कर." पोराने चार हात मारले. पाचव्याला वळवताना चुकला, धारेवरून वळवला आणि चामड्यावर बोटभर लांब चीर पडली. त्याचा चेहरा उतरला. मामांनी पट्टा उलटा केला आणि वरच्या टोकाला बोट दाखवले. तिथे तशीच एक चीर होती, जुनी, तेलाने काळी झालेली. "ही माझी. तेव्हा मी तुझ्याएवढा होतो. माझ्या बापाने मारले नाही, पट्टा परत हातात दिला."

मग ठरले ते असे. शिबिराला मामा येणार. प्रत्येक मुलाने आपले नवे ब्लेड आणायचे, आणि मामा ब्लेडच्या वस्तऱ्याने, दर डोक्याला ब्लेड बदलून, हात धुऊन मुंडन करणार. आजोबांचा वस्तरा पोराला मिळणार आहे, पण मिसरूड फुटून दाढी आल्यावर, आणि चाळीस हात एकदाही न चुकता पट्ट्यावर मारता आल्यावर. तोवर दर रविवारी त्याने ताथवड्याला यायचे. मामींनी लगेच जोडले, "आणि येताना गहू दळून आणायचे. गिरणी लांब गेलीय आता."

दुपार कलताना आम्ही मामांना घेऊन निघालो. पुनावळे, रावेत, किवळे करत देहूरोड गाठले. पांढऱ्या कपड्यांची रांग, पुस्तकांचे नि दिनदर्शिकांचे स्टॉल, भीमगीतांचे सूर, पोरांच्या हातात निळे झेंडे. विहाराच्या दाराशी मामा क्षणभर थांबले. १९५४ साली याच दिवशी पहाटे आजोबांच्या ओट्यावर कंदिलाच्या उजेडात वस्तीतली पंधरा-वीस माणसे दाढीला बसली होती. बाबासाहेब येणार, त्यांच्यासमोर खुरटी दाढी घेऊन कसे जायचे, म्हणून. आजोबांनी सगळ्यांच्या केल्या, स्वतःची शेवटी, उजाडल्यावर. सामान्य माणसाला कळेल असा बुद्धधम्मावरचा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असे बाबासाहेबांनी त्या दिवशी सांगितले. तो ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात उपालीच्या प्रव्रज्येचे प्रकरण आहे. घरी असेल त्यांनी मुलांकडून ते एकदा मोठ्याने वाचून घ्यावे.

वाचकहो, तुमच्याही घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असा एखादा वस्तरा पडलेला असेल. भंगारात घालू नका. गंज असेल तर तेल लावून फडक्याने पुसा, चाकावर धरू नका. वापरायचा असेल तर एकाच माणसाने वापरा. वापरायचा नसेल तर तेल लावून ठेवा आणि तो कोणाचा, कधी घेतला, का घ्यावा लागला, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवा. आम्ही त्या दिवशी रात्री घरी आल्यावर तेच केले. मामांनी सांगितले, पोराने लिहून घेतले आणि चिठ्ठी दगडांच्या डब्यात ठेवायला पुढच्या रविवारी तो ताथवड्याला गेला. पट्ट्यावर त्या दिवशी तो अकरापर्यंत पोचला.